सहा महिने फडावर असलात तरी नाव गावच्याच यादीत

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

ताई, आमचं गाव बीड जिल्ह्यात. दिवाळी झाली की आई-अण्णा ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातात, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच येतात. मी आजीपाशी राहून कॉलेज करते. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. मुकादमाला विनवण्या करून दोघं रात्रभर एसटीनं आले. बूथवर आईचं नावच यादीत नव्हतं, कार्ड हातात असून. अण्णांचं नाव होतं, पण "तुमचं मत पडलंय" म्हणाले. अण्णा बोट दाखवत राहिले, शाई नव्हती. मागून लोकांनी गडबड केली, तसे बाहेर आले. गावातला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "अर्धं वर्ष परमुलखात राहता, मग इथं नाव कशाला पाहिजे?" आता अण्णा म्हणतात, परत या भानगडीत पडायचं नाही. मुकादम म्हणतो, कारखान्याकडंच तुमची नावं लावून देतो. नाहीतर पुढच्या वेळी उमेदवाराची गाडी येईल, पण मत मी सांगेन तिथंच टाकायचं. मला जूनमध्ये अठरा पूर्ण झाली. मी काय करू?

— ऊसतोड कामगाराची लेक

उत्तर

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात आधी खोडून काढायला हवं ते गावातल्या त्या माणसाचं बोलणं. आईचं नाव परत लागेल, त्याची वाट सरळ आहे. पण ते बोलणं अण्णांच्या मनात रुतून बसलं, तर यादी दुरुस्त होऊनही ते बूथवर जायचे नाहीत. म्हणून त्यांना आधी हे सांग: तो माणूस चुकीचं बोलला, आणि हे कायद्यात लिहून ठेवलेलं आहे.

मतदार यादीत कुणाचं नाव कुठं असावं हे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं ठरतं. माणूस जिथला सर्वसाधारण रहिवासी, तिथं त्याचं नाव. या रहिवासाचा अर्थ कलम 20 मध्ये दिलाय आणि त्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. आणि काही काळासाठी घर सोडून बाहेर गेला, एवढ्यावरून कुणाचा रहिवास संपत नाही. तुझे आई-अण्णा कामासाठी जातात, हंगाम संपला की परत येतात. आजी इथं, तू इथं, रेशनकार्ड इथलं, शेताचा तुकडा असेल तर तो इथला. कारखान्यावरची कोपी, म्हणजे झोपडी, हंगामापुरती असते. त्यांचं गाव हेच आहे, आणि ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

असं बोलणारी माणसं आजची नाहीत. 15 जून 1949 ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगाची तरतूद मांडली, तेव्हा तिचं कारणही सांगितलं. काही प्रांतांत वंशानं, संस्कृतीनं, भाषेनं वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीत येऊच दिलं जात नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणून याद्यांचं काम प्रांतांच्या सरकारांकडं न ठेवता स्वतंत्र आयोगाच्या हाती द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसाला मतदानापासून दूर ठेवायला बूथवर अडवावं लागत नाही, यादीतून वगळलं की काम होतं, हे त्यांनी पहिल्या निवडणुकीच्या आधीच ओळखलं होतं. आणि पहिल्या निवडणुकीत, 1951-52 मध्ये, सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली. स्वतःचं नाव सांगायची पद्धत नव्हती, त्यांनी "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच सांगितलं होतं.

आता तुझ्या आईचं नाव.

मतदार ओळखपत्र आणि यादीतलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड असूनही यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. उलट यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक असं आयोगानं मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. लोक कार्ड जपून ठेवतात, लॅमिनेट करतात, आणि यादी वर्षानुवर्षं बघत नाहीत. तिथंच घात होतो.

आईचं नाव कसं गेलं असेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पडताळणीला येतो तेव्हा वस्तीवर निम्म्या घरांना कुलूप. शेजाऱ्याला विचारलं की तो म्हणतो, "ते काय, तिकडं गेलेत." तेवढ्यावर "स्थलांतरित" असा शेरा पडला असेल. किंवा कुणी मुद्दाम नमुना 7 चा अर्ज भरून नाव वगळायला सांगितलं असेल. दोन्हीत कायदा एक अट घालतो: रहिवास संपला म्हणून नाव काढायचं असेल, तर त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आईला नोटीस मिळाली होती का? कोल्हापूरच्या फडात ती पोचणं शक्य नव्हतं, पण आजीच्या हाती आली होती का, की दाराला चिकटवली होती, एवढं घरात विचारून घे.

मग तहसीलला जा. मतदार नोंदणी अधिकारी बहुतेक ठिकाणी प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी असतात, तहसीलदार त्यांचे सहायक. त्यांच्या नावानं आईच्या सहीचा किंवा अंगठ्याचा साधा अर्ज दे: माझं नाव कोणत्या कारणानं, कोणत्या अर्जावर, कोणत्या आदेशानं वगळलं, त्याची प्रत द्यावी. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. दाद मिळाली नाही तर हाच मजकूर माहिती अधिकारात टाक. हे कागद कशासाठी, असं तुला वाटेल, कारण नाव परत लावायला नमुना 6 पुरतो. तो भरच, आणि लगेच भर. पण कारण कळलं नाही तर पुढच्या हंगामात तेच होणार. कुणी खोटा नमुना 7 भरला असेल तर तो गुन्हा आहे; खोटं निवेदन करणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि आईचा नमुना 6 नाकारला गेला तर आदेशापासून 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं, तिथंही नाही झालं तर पुढं 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं.

एक गोष्ट मात्र सांभाळ. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घालता किंवा काढता येत नाही, आणि त्याआधीही अर्ज हरकतींसाठी आठवडाभर ठेवावा लागतो. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तिथंही विधानसभेचीच यादी वापरली जाते, ठरवलेल्या एका तारखेची. त्या तारखेनंतर आलेलं नाव त्या निवडणुकीत चालत नाही. म्हणून आई-अण्णा गावात आहेत त्या दिवसांतच, मे ते ऑक्टोबर, हे सगळं उरकायचं.

कुलपाचं सांगितलं ते फार जपून घे. बिहारमध्ये 2025 साली मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली आणि 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत जवळपास 65 लाख नावं नव्हती. त्यातली सुमारे 36 लाख "कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत" या रकान्यातली होती. बिहारही रोजगारासाठी बाहेर जाणाऱ्यांचं राज्य आहे. सर्वोच्च न्यायालयानं 14 ऑगस्टला सांगितल्यावर ती नावं कारणांसकट जाहीर झाली. सहा महिन्यांसाठी गेलेला माणूस आणि कायमचा गेलेला माणूस, दोघांच्याही दाराला कुलूप सारखंच दिसतं. फरक सांगायला गावात कुणीतरी लागतं. तुमच्या वस्तीवर ती तू आहेस. हंगामाला जाणाऱ्या सगळ्या जोड्यांची नावं, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक एका वहीत लिहून घे. बीएलओ कोण ते शोध. बहुतेकदा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई असतात, ओळखीचेच निघतील. त्यांना प्रत्यक्ष भेटून सांग की ही घरं बंद दिसली तरी माणसं इथलीच आहेत, मला विचारा. यादी दर महिन्याला निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर तपासता येते, 1950 या क्रमांकावर फोनही करता येतो.

अण्णांचं मत दुसऱ्यानं टाकलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला, बोट कोरं असताना, परत पाठवलं. त्या वेळी त्यांनी केंद्राध्यक्षांकडं प्रदत्त मत मागायला हवं होतं, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल तर त्यांनी काय करावं? हे सांगायचं काम तिथं बसलेल्यांचं होतं. आपल्या नावावर आधीच मत पडलं असेल आणि आपली ओळख पटवता आली, तर निवडणूक नियमांतल्या 49-पी प्रमाणं केंद्राध्यक्षांना कागदी मतपत्रिका द्यावीच लागते. तिची नोंद वेगळ्या नमुन्यात होते, त्यावर सही किंवा अंगठा घेतात, आणि ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवतात.

खरं ते सांगते, हे मत एरवी मोजणीत धरत नाहीत. निकाल हायकोर्टात गेला तर त्याला किंमत येते. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 मध्ये सी. पी. जोशी विधानसभेला एका मतानं पडले. पुढच्या दाव्यात प्रदत्त मतांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण कोर्टाचं सोडून दे. अण्णांच्या नावानं सरकारी कागदावर नोंद राहिली असती की हा माणूस आला होता आणि त्याच्या आधी त्याच्या नावावर कुणीतरी मत टाकून गेलं. एकाच बूथवर अशा दहा नोंदी झाल्या तर ते कुणाला झाकता येत नाही. त्या मताचं आता काही होणार नाही. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून 45 दिवसांची असते, ती कधीच गेली. पुढच्या वेळी मात्र अण्णांनी रांगेतून हलायचं नाही. "मला प्रदत्त मत द्या" एवढंच म्हणायचं. मागचे ओरडले तर ओरडू देत.

आणि असं होऊ नये म्हणून आधीच एक करता येतं. बूथवर उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात ते यासाठीच. समोरचा माणूस तो नव्हे असं वाटलं, तर दोन रुपये भरून त्यांना त्याच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो आणि केंद्राध्यक्षांना तिथल्या तिथं चौकशी करावी लागते. मतदानाच्या आदल्या दिवशी बाहेरगावी असलेल्यांची नावं एकमेकांविरुद्धच्या दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना दे. एकालाच देऊ नकोस, त्याचा उलटा वापर होईल. दोघांकडं असली की एकमेकांवर लक्ष ठेवतात. दुसऱ्याच्या नावानं मत टाकणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, हेही वस्तीवर मोठ्यानं बोलत जा.

अजून एक बारकावा. केंद्राध्यक्षांकडं गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशा नोंदी झालेल्यांची वेगळी यादी असते. आई-अण्णांचं नाव त्या यादीत असलं आणि कुणी म्हणालं "तुम्ही स्थलांतरित दाखवलेत, जा", तर जायचं नाही. मूळ यादीत नाव आहे आणि ओळखपत्र हातात आहे, तर मत देता येतं. तपासणी जास्त कडक होते, अंगठा घेतात, इतकंच.

आता मुकादम. कारखान्याकडं नाव लावून देतो म्हणतो, त्याला नाही म्हणा. कायद्यानं ते अशक्य आहे म्हणून नव्हे; बेघर माणसाचंही नाव तो झोपतो तिथं लागू शकतं. पण नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, दोन ठिकाणी ठेवणं गुन्हा आहे, आणि तिकडं लावलं म्हणजे इथून गेलं. पुढच्या वर्षी टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली की तिथलंही हातचं जाणार. आणि तुमचं पाणी, घरकुल, रोजगार हमीची कामं ही सगळी ठरतात गावच्या ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीच्या दोन मोठ्या निवडणुका बघ: 15 जानेवारी 2021 आणि 18 डिसेंबर 2022. दोन्ही ऐन हंगामात. गावात जे मागं राहतात त्यांच्या मतावर वॉर्ड ठरतो, आणि तिथं दहा-वीस मतांनी सरपंच होतो नाहीतर पडतो. "नाव कशाला पाहिजे" म्हणणाऱ्याला हे गणित चांगलं कळत असेल.

उमेदवाराच्या गाडीचंही तसंच. मतदारांना केंद्रावर न्यायला-आणायला उमेदवारानं किंवा त्याच्या माणसानं गाडी करणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे. आपल्या पैशानं एसटीनं येण्यात काही गैर नाही. तिकिटाचा खर्च ऊसतोड कामगाराला काय पडतो ते मी जाणते, दोघांचं जाणं-येणं आणि बुडालेला ऊस धरून चार दिवसांची कमाई जाते. तरीही गाडीत बसू नका असंच सांगेन, कारण त्या गाडीचं भाडं मतात वसूल होतं. आणि बसावंच लागलं, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर आहे म्हणून नाही म्हणता आलं नाही, तर एवढं पक्कं ठेवा: आत गेल्यावर कुणाला काही कळत नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेमागं दिसते आणि पेटीत पडते, हातात येत नाही. "कुणाला टाकलं ते मला समजतं" असं मुकादम म्हणाला तर ते खोटं आहे. धमकी देऊन मत टाकायला लावणं गुन्हा आहे, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तशी धमकी दिली तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू शकतो.

सुट्टीचं थोडं खोलात सांगते. 1951 च्या कायद्याचं कलम 135-ब म्हणतं की मतदानाच्या दिवशी मतदार कामगाराला पगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवर असला तरी. मोडणाऱ्याला दंड 500 रुपये. शिवाय कामगाराच्या गैरहजेरीनं त्या कामात धोका किंवा मोठं नुकसान होणार असेल तर सूट आहे, आणि तोडलेला ऊस वाळतो हे कारण पुढं करायला वेळ लागत नाही. त्यात तुमची मजुरी टनावर. मालक कोण विचारलं तर कारखाना वाहतूकदाराकडं बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडं. एका जोडीनं हे कलम घेऊन भांडायला जाऊ नये असं मला वाटतं. पूर्ण टोळीनं बोलावं, आणि उचल घेण्याआधी, म्हणजे मुकादमाला कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) हवे असतात तेव्हा. निवडणूक हंगामात असेल तर दोन दिवस खाडा धरायचा नाही, हे उचलीच्या कागदावरच लिहून घ्यावं. तारीख जाहीर झाली की कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना (निवडणुकीत तेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात) आणि पुण्याच्या साखर आयुक्तांना टोळीच्या सह्यांचं पत्र द्या. दहा कोयत्यांची, वीस माणसांच्या सह्यांची दोन ओळींची चिठ्ठी चालेल.

आहे तिथून मत देता यावं, यासाठी आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार केला होता आणि 16 जानेवारी 2023 ला तो पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या, प्रत्यक्षात काही आलं नाही. शंका अगदीच फोल नव्हत्या, कारण कारखान्याच्या आवारातल्या यंत्रावर मुकादमाचा डोळा कोण हटवणार, हा प्रश्न मलाही पडतो. तरी सैनिकांना टपालानं मत देता येतं आणि साखरेसाठी घर सोडणाऱ्या लाखो जोड्यांना काहीच सोय नाही, हे मला मान्य नाही, आणि तुमच्या आमदार-खासदारांना हे विचारत राहिलं पाहिजे.

तुझं स्वतःचं राहिलं. आता वर्षात चार पात्रता दिनांक आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. जूनमध्ये अठरा पूर्ण झाली म्हणजे 1 जुलैला तू पात्र झालीस. आईचा आणि तुझा नमुना 6 एकाच दिवशी दे. पुढं लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलीस तर नमुना 8 भरून नाव हलवायचं, इथलं तसंच ठेवून तिकडं नवीन नाही. वस्तीवर नव्यानं आलेल्या सुनांचंही हे बघ. त्यांची नावं माहेरच्या यादीतच राहतात आणि दोन्हीकडून मत जातं. आजी 85 च्या पुढं असेल तर लोकसभा-विधानसभेला तिला घरून मत देता येतं, त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना 12-ड भरून द्यावा लागतो.

अण्णांशी मात्र वाद घालू नकोस. आधी आईचं नाव लावून आण आणि नव्या यादीचं पान त्यांच्या हातात दे. मग प्रदत्त मताचं सांग. आपली बाजू कागदावर मांडता येते हे कळलं की माणसाचं मन वळतं, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. तहसीलमधून आईच्या वगळणीचा आदेश मिळाला, तर त्यावरचं कारण आणि तारीख मला लिहून पाठव. आणि नमुना 6 नाकारला गेला, तर अपिलाचा मजकूर मी तुला तयार करून देते, पण 15 दिवसांची मुदत नाकारल्याच्या आदेशाच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा कागद हाती आला की त्याच दिवशी कळव.

तुझी,
ताई